कडी कोणी बसवायची?



आपल्या केंद्राच्या मोरीतला नळ सहा महिने गळत होता. खाली बादली ठेवायची, भरली की गॅलरीतल्या कुंड्यांना घालायची, असं आम्ही सहा महिने चालवलं. केंद्रात रोज चार-पाच जणी असतात. त्यांतली एक वकील. एक रात्री दोन वाजता चौकीत जाऊन फौजदाराला तक्रार लिहून घ्यायला लावणारी. मी स्वतः बोलायला उभी राहिले की लवकर खाली बसत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. पण त्या नळाला हात लावायची एकीचीही छाती झाली नाही. ‘प्लंबरला निरोप दिलाय’ हे वाक्य आम्ही आळीपाळीने म्हणत होतो.

हा अंक ‘घर’ या विषयाला वाहिलेला आहे. आत मालकीहक्कावर लेख आहेत, माहेरच्या वाटणीवर आहेत. संपादकीयात मी नळ नि कड्यांबद्दल का लिहिते आहे, असं काहींना वाटेल. त्यासाठी आधी एक प्रसंग सांगते.

आपल्याकडे वर्षभर येणारी एक मैत्रीण आहे. चाळीतली एक खोली, तिच्या आईच्या नावावरची. नवऱ्याने तिथे येऊ नये असा अंतरिम हुकूम तिला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली मिळालेला. तो कागद तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत जपून ठेवला होता. एका रात्री नवरा पिऊन आला, त्याने दाराला खांदा दिला आणि आतली कडी स्क्रूंसकट उखडून जमिनीवर पडली. शेजारी जमले म्हणून निभावलं. सकाळी आम्ही तिच्याबरोबर चौकीत गेलो, हुकूम मोडल्याची तक्रार नोंदवली, संरक्षण अधिकाऱ्यांना कळवलं. दुपारी केंद्रात येऊन चहा घेतला. आपलं काम चोख झालं असं आम्हाला वाटत होतं. तेवढ्यात ती म्हणाली, “ताई, ते सगळं झालं. पण आज रात्री मी दाराला काय लावू?”

कोणालाच उत्तर सुचेना.

गल्लीतल्या सुताराकडे ती सकाळीच जाऊन आली होती. तो म्हणाला, ‘तुमच्या मालकांना येऊ दे, मग बघू.’ मालक म्हणजे तोच, ज्याच्यासाठी कडी हवी होती! दुसरा सुतार रविवारी येतो म्हणाला. मग आम्ही फोन करायला सुरुवात केली. कोणाला केले असतील? आपापल्या नवऱ्यांना, भावांना, एकीने तर आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला. एक ऑफिसात होता, एक ‘संध्याकाळी बघतो’ म्हणाला, मुलाने फोनच उचलला नाही. पाच स्त्रीमुक्तीवाल्या बाया फोनला चिकटून एक तरी पुरुष मोकळा सापडतो का ते बघत होत्या. हे लिहिताना आजही कानाच्या पाळ्या गरम होतात.

शेवटी मी नि ती, दोघीच हार्डवेअरच्या दुकानात गेलो. “कडी द्या.” “कुठली? किती इंची? दाराची जाडी किती?” यांतलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं. “घरातल्या कोणाला तरी पाठवा ना, बाई,” दुकानदार सहज म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याच्या काउंटरला तीस वर्षांत आमच्यासारखं गिऱ्हाईक फारसं लागलेलंच नसणार. मग त्यानेच दाखवलं: आतून लावायचा आठ इंची लोखंडी बोल्ट, दीड इंची स्क्रू. जुन्या कडीचे स्क्रू आम्ही पुरावा म्हणून रुमालात बांधून आणले होते. ते त्याने हातात घेतले आणि हसला. अर्ध्या इंचाचे होते. एवढ्याशा स्क्रूवर कुठली कडी टिकणार, खांदा कशाला, गुडघा दिला तरी निघेल, म्हणाला. वर्षभर ती बाई ज्या कडीच्या भरवशावर झोपत होती, ती जेमतेम लाकडाच्या सालीला धरून होती!

दुकानातूनच एक स्क्रू ड्रायव्हर, हातोडी आणि दोन खिळे घेतले. चौकटीतली जुनी भोकं मोठी होऊन झिजली होती. त्यांत स्क्रू नुसता फिरत राही. अशा भोकात आगकाड्यांचे तुकडे फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोकून बसवतात, सुकले की स्क्रू पुन्हा धरतो, हे मला आता कळलं आहे. पण त्याला रात्रभर वाळू द्यावं लागतं आणि आम्हाला तीच रात्र काढायची होती. म्हणून जुन्या भोकांचा नाद सोडला आणि चार बोटं वर, कोऱ्या लाकडात नवा बोल्ट धरला. पेन्सिलीने खुणा केल्या. आधी खिळा ठोकून बारीक भोक पाडलं, खिळा उपटला, मग स्क्रू. तरी सागवान काही दाद देईना. तेव्हा तिनेच मोरीतला साबणाचा तुकडा आणला आणि स्क्रूच्या आट्यांना घासला. “शिवणाची सुई जाड कापडात अडली की मी असंच करते,” म्हणाली. स्क्रू सरसर आत गेला. दीड तास लागला, माझ्या तळहाताला फोड आला, बोल्ट किंचित तिरका बसला. तिने तो दहा-बारा वेळा लावून-काढून पाहिला. रात्री साडेदहाला तिचा फोन आला, झोपतेय म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रातला नळ उघडला. पराक्रम म्हणून सांगत नाही, कारण मुख्य कॉक बंद करायचा असतो हे मी विसरले. पाण्याचा फवारा थेट छताला लागला आणि शेल्फावरची आठ मार्चची उरलेली पत्रकं भिजली. पण कॉक बंद केल्यावर जे दिसलं त्यानं थक्क झाले. मूठ काढायची, पान्याने वरचं नट सैल करायचं, आतली दांडी बाहेर घ्यायची. तिच्या बुडाशी रबराची एक चकती, रुपयाच्या नाण्याहून लहान. वायसर. तो दबून, झिजून चपटा झालेला. चहाच्या कपापेक्षा स्वस्त मिळणारी ती चकती बदलली आणि सहा महिन्यांची बादली उचलली. (हल्लीच्या पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळांत रबराचा वायसर नसतो. तिथे आतला अख्खा भागच बदलावा लागतो. दुकानात जाताना जुना काढून बरोबर न्यावा.)

मग प्रश्न पडतो, एवढं सोपं होतं तर आम्हाला इतकी वर्षं भीती कशाची वाटत होती?

माझ्या लहानपणी वडिलांची हत्यारांची एक पत्र्याची पेटी होती. रविवारी ती उघडायची. भावाच्या हातात पक्कड यायची, माझ्या हातात बॅटरी. ‘नीट धर, हलवू नकोस.’ वर्षानुवर्षं मी उजेड धरला. भाऊ चुकायचा, वाकडा खिळा ठोकायचा, वडील हसून पुन्हा दाखवायचे. मला चुकायची संधीच कधी मिळाली नाही. हाताला वळण लागतं ते चुका करून, आणि आपल्याला चुका करायची मुभा फक्त स्वयंपाकघरात होती. तिथे मात्र आपण काय काय दुरुस्त करत आलोय ते आठवा. कुकरची रिंग नि सेफ्टी व्हॉल्व्ह. शिलाई मशीनचं टेन्शन, बॉबिन, तेलपाणी. आणि स्टोव्ह! माझी आई पितळी स्टोव्ह पूर्ण खोलून जोडायची. पिन मारायची, बर्नर बदलायची, पंपाच्या आतला चामड्याचा वायसर सुकला की खोबरेल तेलात मुरवून पुन्हा बसवायची. दाबावर चालणारं, पेटतं यंत्र होतं ते. तरी तिला कोणी मेकॅनिक म्हटलं नाही, तिनेही स्वतःला म्हटलं नाही.

आणि त्याच स्टोव्हचं नाव पुढे आलं ते कसं, हे आपल्या चळवळीला विसरता येणार नाही. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू.’ ऐंशीच्या दशकात ही ओळ पेपरात इतक्यांदा छापून यायची की नजर तिथे थांबेनाशी झाली होती. माहेरी असताना चौदाव्या वर्षापासून स्टोव्ह खोलून जोडणारी मुलगी सासरी आल्यावर दोन वर्षांत तो पेटवायला विसरते? स्टोव्ह शाबूत आणि बाई तेवढी जळालेली, असं कसं? पंचनाम्यात स्टोव्हची टाकी फुटल्याची नोंद आहे का? हे प्रश्न बायांनी मोर्च्यांत विचारले, आणि ते विचारता आले कारण ते यंत्र त्यांच्या हाताखालचं होतं. १९८३ साली ४९८ अ आलं, १९८६ साली ३०४ ब (२०२४ पासून न्याय संहितेत त्यांची कलमं ८५-८६ आणि ८० झाली). कायदा झाला तो संघर्षातून, हे खरंच. पण वस्तू कशी चालते हे ठाऊक असलेल्या बाईला खोटं पचवणं अवघड जातं, हेही त्या प्रश्नांत होतं.

घर दुरुस्त करणं हे पुरुषांचं काम, असं म्हणतो तेव्हा आपण नक्की कुठलं घर डोळ्यांसमोर आणतो? कोकणात, देशावर, विदर्भात, मातीच्या घराची देखभाल कायम बायांच्या अंगावर होती. पावसाळा संपला की भिंतींना पडलेल्या चिरा बुजवायच्या, गिलावा द्यायचा, खळं चोपायचं, जमीन सारवायची. माती कुठली, शेण किती, भुसा किती घातला की तडकणार नाही, हे सगळं ज्ञान बाईच्या बोटांत. त्याला म्हणायचं घरकाम. त्याच भिंतीला सिमेंट लागलं की ते गवंडीकाम झालं, त्याला मजुरी आली, थापी पुरुषाच्या हातात गेली आणि बाईच्या डोक्यावर घमेलं आलं. बांधकामावर बघा, दहा वर्षं वाळू-सिमेंट वाहणारी बाई बिगारीच राहते. तिच्यामागून आलेला पोरगा दोन वर्षांत थापी धरतो.

हे बदलू शकतं याचं एक उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादकडच्या त्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट जाड, दगडमातीच्या. जाड म्हणजे मजबूत असा सर्वांचा समज. पण त्या भिंती आत-बाहेर अशा दोन पदरांच्या होत्या, मधे गाळ नि खडे भरलेले. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते, वर मातीचं जड धाबं. हादऱ्याने पदर सुटे झाले आणि माणसं आत गाडली गेली. नंतर सरकारने पडलेल्या गावांचं पुनर्वसन केलं, त्याचबरोबर उभ्या राहिलेल्या पण तडकलेल्या घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचा मोठा कार्यक्रमही घेतला. त्यात लोकसहभागाचं काम स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेकडे होतं, आणि प्रेमा गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते गावोगावच्या महिला मंडळांतून उभं केलं. ‘संवाद सहायक’ म्हणून बाया पुढे आल्या. आरपार दगड कुठे घालायचा, अनुदानाचा हप्ता कधी मिळतो, इंजिनिअरने काय तपासायला हवं, हे त्या घरोघर सांगू लागल्या. चारचौघांत डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या बाया गवंड्याला ‘हा दगड आरपार जात नाही’ म्हणून थांबवू लागल्या. पुढे २००१ मध्ये कच्छात भूकंप झाला तेव्हा त्यांच्यातल्या काही तिकडच्या बायांना हेच सांगायला गेल्या.

आता आक्षेपांकडे वळते. संपादक मंडळात यावर चांगलीच वादावादी झाली.

एक मैत्रीण म्हणाली, “आधीच घरकाम करून कंबर मोडलीय, आता नळही आम्हीच दुरुस्त करायचे?” तिचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत बिनमोल घरकाम करणाऱ्या बाया त्याला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात, ते करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं निघालं. त्या मोजणीत किरकोळ घरदुरुस्तीही धरलेली असते. म्हणजे बाबांनी रविवारी ठोकलेला खिळासुद्धा मोजूनही ही तफावत! तेव्हा मी ‘आता हेही तुम्ही करा’ असं म्हणतच नाही. करायचं कोणी, ते घरातल्या घरात भांडून ठरवा. त्यांनी कुकरची रिंग बदलायला शिकावं, भाकरी थापायला शिकावं. पण ‘मला येतं, मी आज करणार नाही’ आणि ‘मला येतच नाही’ या दोन वाक्यांत फरक आहे. दुसऱ्या वाक्यात आपण कोणाच्या तरी येण्याची वाट बघत बसतो, आणि एकट्या बाईला, टाकलेल्या बाईला, म्हाताऱ्या बाईला ती वाट फार महाग पडते.

दुसरीचा मुद्दा कामगारांचा. प्लंबर-सुतारांच्या पोटावर पाय का आणायचा? एका वायसरने कोणाच्या पोटावर पाय येत नाही असं मला वाटतं. उलट काम कळायला लागल्यापासून कुशल कारागिराला पूर्ण पैसे देताना माझी कुरकुर थांबली आहे. तो तिरका स्क्रू आठवतो ना! फक्त ‘अख्खी लाईन बदलावी लागेल’ म्हटल्यावर मान डोलवायची सवय गेली.

विजेबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे हौस अंगाशी येते. बोर्ड उघडायचा असेल तर आधी मेन बंद करा. टेस्टर आधी चालू प्लगमध्ये लावून तो पेटतो ना ते बघा, मगच बंद केलेल्या तारेवर त्याचा विश्वास धरा, कारण बिघडलेला टेस्टरही पेटत नाही. हात कोरडे, पायात रबरी चप्पल, आणि घरात दुसरं माणूस असावं. मुख्य बोर्ड, भिंतीतली तार, गॅसची जोडणी, उंच गॅलरीबाहेरचं काम, या ठिकाणी जाणकाराला बोलवायचंच. त्यात कमीपणा नाही.

पण अर्थिंगचं काय? तीन पिनांच्या प्लगमध्ये वरची पिन जाड नि लांब असते. लांब अशासाठी, की प्लग घालताना ती सगळ्यांत आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी. यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली तर ती त्या वाटेने जमिनीत जाते. आपल्या घरांत काय होतं? दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून ती पिन मोडून टाकतात, किंवा सॉकेट तीन भोकांचं असतं पण मागे हिरवी तारच जोडलेली नसते. आणि मिक्सर, वॉशिंग मशीन, पाण्यात टाकायचा हीटर ओल्या हाताने दिवसभर कोण हाताळतं? ‘मशीनला हात लावला की जरा मुंग्या येतात’ असं कित्येकजणी सांगतात, जणू ते मशीनचं वय झाल्याचं लक्षण आहे. त्या मुंग्या म्हणजे इशारा आहे. मशीन बंद करा आणि वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. जमलं तर ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवून घ्या. गळतीचा करंट तेवढा झाला की तो क्षणात वीज तोडतो. भाड्याच्या घरात मालकाकडे हे मागणं आपला हक्क आहे, उपकार नाहीत.

मालकाचं नाव निघालं म्हणून आणखी एक. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात कलम २३ होतं. राहत्या घरात मुलीचा वाटा असला, तरी पुरुष वारस वाटणी करायचं ठरवत नाहीत तोवर तिला ती मागता येत नव्हती. तिथे राहायचा हक्कही फक्त अविवाहित, विधवा, टाकलेल्या किंवा नवऱ्यापासून विभक्त झालेल्या मुलीला. हे कलम २००५ मध्ये गेलं. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं कायदाच सांगत होता की बाई घरात राहील, पण घर तिचं नाही. जे आपलं नाही त्याच्या भिंतीत खिळा कोण ठोकणार? सासरी विचारून, माहेरी विचारून, भाड्याच्या घरात मालकाला विचारून. मला वाटतं, हार्डवेअरच्या दुकानात आपली जी जीभ अडखळते त्याचं मूळ इथे कुठेतरी आहे. केंद्रात येणाऱ्या एका आजींनी परवा सांगितलं, स्वतःच्या नावावर खोली झाल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं? भिंतीत एक मोठा खुंटा ठोकला. त्याच्यावर अजून काही टांगलेलं नाही म्हणाल्या.

केंद्रात आता आपली स्वतःची हत्यारांची पेटी आहे. दोन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, हातोडी, सरकता पाना, टेस्टर, हॅक्सॉ ब्लेड, टेप, वेगवेगळ्या मापांचे वायसर, टेफ्लॉन टेपचं रीळ, दीड इंची स्क्रूंची पुडी. ज्यांना हवं त्यांनी न्यावं, शेजारच्या वहीत नाव नि तारीख लिहावी. कोणाकडे अडचण असेल तर दुसऱ्या-चौथ्या शनिवारी दुपारी आम्ही दोघी-तिघी असतो, एकत्र जाऊन बघू. आमच्याहून जास्त येणारीने आवर्जून यावं, शिकवायला माणूस हवंच आहे. गावाकडच्या गटांनी आपल्याकडे हापसा, सौरदिवा, पिठाची गिरणी यांची दुरुस्ती कोण करतं, बायांपैकी कोणाला येते का, ते लिहून कळवावं. पुढच्या अंकात छापू.

आणि संक्रांतीच्या आधी जिने मोठी पक्कड नेली, वहीत नाव न लिहिता, तिने ती कृपया परत आणून द्यावी.